पहिल्या लोकलपर्यंत

शहर आवृत्तीचं शेवटचं पान रात्री एकच्या सुमाराला सुटायचं. प्रुफावर सही करून, शाईचे हात धुऊन मी प्रभादेवीहून चालत दादर स्टेशन गाठेपर्यंत डोंबिवलीकडे जाणारी शेवटची गाडी निघून गेलेली असे. पुढची पहाटे चारनंतर. मधले तीन तास काढायचे कुठे, या प्रश्नातून मी १९८८ च्या पावसाळ्यात पहिल्यांदा डान्स बारची पायरी चढलो. त्याआधी तीन वर्षं टेबलावर जुने अंक अंथरून झोपत होतो. पानं लावणारा एक वयस्कर सहकारी म्हणाला, "चल, पंख्याखाली बसायला मिळेल." तिथं पंखा नव्हता, एसी होता.

पुढं सतरा वर्षं मी तिथला गिऱ्हाईक होतो. डान्स बारवर पुष्कळ लिहिलं गेलं. वकिलांनी, पत्रकारांनी, मंत्र्यांनी, चळवळीतल्या बायकांनी लिहिलं. मधुर भांडारकरांचा 'चांदनी बार' २००१ मध्ये आला. पण समोरच्या सोफ्यावर बसणारा माणूस यात कुठं बोलला नाही. त्याच्या घरादाराच्या नावानं २००५ मध्ये डान्स बारवर बंदी आली आणि त्याची साक्ष कुणी घेतली नाही. म्हणून हे लिहितो आहे.

ज्यांनी आत पाऊल टाकलं नाही त्यांना वाटतं की परदेशी सिनेमात दिसतं तसं काही तिथं चालत असेल. तसं नव्हतं. एक लांबट खोली, तीन भिंतींना आरसे, भिंतींलगत सोफे, मधे मोकळी फरशी. फरशीवर दहा-बारा मुली, घागरा-चोलीत नाहीतर शिफॉनच्या साडीत, अंगभर कपड्यांत. गाणी सिनेमातली. बऱ्याच जणी जागच्या जागी डुलत आणि आरशात स्वतःकडे पाहत राहत. मनापासून नाचणाऱ्या दोन-तीनच, आणि त्यांचं गाणं लागलं की बाकीच्या आपोआप कडेला सरकत. हात लावायचा नाही हा नियम, आणि तो मोडणाऱ्याला बाउन्सर दारापर्यंत सोडून येई. स्टुअर्डला शंभराच्या नोटा दिल्या की तो दहाच्या नोटांची गड्डी आणून ठेवी. पैसेवाले ती गड्डी मुलीच्या डोक्यावरून पत्त्यांसारखी सोडत. माझ्यासारखे एकेक नोट हातात धरून बसत, ती जवळ येऊन घेऊन जाई. खाली पडलेल्या नोटा एक पोऱ्या वाकून गोळा करी. कुणाच्या नावावर किती झाले याचा हिशेब गल्ल्यावर राही, आणि रात्र संपली की बारचा वाटा कापून उरलेले तिच्या हाती पडत. वाटा किती, हे बारागणिक वेगळं.

मला त्यात नवीन काही वाटलं नाही, कारण मी नारायणगावच्या बाजूचा. आमच्याकडे चैत्राच्या सुमाराला तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे लोक जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला येतात. तमाशातल्या विठाबाई आमच्या गावचा अभिमान. माझे वडील माळकरी नव्हते, पण सभ्य माणूस होते, आणि जत्रेत दौलतजादा करताना मी त्यांना पाहिलेलं आहे. पाच रुपयांची नोट, लावणीतला एक शब्द पुन्हा म्हणायची फर्माईश, आणि फडातून त्यांच्या नावाचा पुकारा. आई ते ऐकून गप्प राही. दौलतजादा हा शब्द मुंबईच्या बारमध्ये कुणाला माहीत नव्हता, पण मुली जे घेत होत्या ते तेच होतं. पुढं बंदीच्या बातम्यांची प्रुफं वाचताना कळलं की कायद्यालाही हे नातं ठाऊक होतं: करमणुकीच्या जागांना परवाने देणारे १९६० चे जे नियम बारना लागू होते, त्यांच्या नावातच मेळे आणि तमाशे आहेत.

पहिले डान्स बार खालापूरकडे, रायगडात निघाले असं बारलाइनमधले जुने लोक सांगत. १९८० नंतरची गोष्ट. मग ते मुंबईत शिरले. ग्रँट रोडचा टोपाझ आणि विलेपार्ल्याचा दीपा यांची नावं ज्यांनी कधी बार पाहिला नाही त्यांनाही पाठ होती. मी तिथं कधी गेलो नाही, माझ्या पगारात ते बसणारं नव्हतं. मुली येत त्या राजस्थान, मध्य प्रदेश, आग्र्याच्या बाजूच्या. बेडिया, नट, कंजर अशा जमातींतल्या, ज्यांच्या आज्या कोठ्यांवर नाहीतर जमीनदारांच्या लग्नांत नाचल्या. काही बंगालकडच्या. आणि काही, ज्यांच्याबद्दल फार बोललं गेलं नाही, त्या इथल्याच होत्या.

त्यांतली एक मला आठवते. वय पंचविशीचं असेल, बारमधलं नाव एका नटीचं. १९९१ ची गोष्ट. नोट घेताना तिनं पोऱ्याला हळूच "अरे सरक की जरा" म्हटलं, आणि त्या 'की'वरून मला कळलं. मी मराठीत विचारलं, "कुठल्या तुम्ही?" तिचा चेहरा उतरला.

"दादा, इथं मराठीत नका बोलू," ती गाण्याच्या आवाजाखाली म्हणाली. "इथं मी आग्र्याची आहे."

पुढं कित्येक महिन्यांनी तिनं तुटक तुटक सांगितलं. लालबागची. वडील गिरणीत जॉबर. १९८२ चा संप ती शाळेत असताना झाला आणि त्यांच्यापुरता कधी मिटलाच नाही. दोन भाऊ शिकत होते. चाळीत सांगितलं होतं की रात्रपाळीला, फोन घेण्याच्या नोकरीला आहे. मराठी बोलली तर चाळीतला कुणी ओळखेल ही भीती. ती मला दादा म्हणाली हे मी फार दिवस मनात जपलं. नंतर लक्षात आलं की मराठी गिऱ्हाईक दूर ठेवायला तिच्याकडे तो एकच शब्द होता. तिचं खरं नाव मला कधीच कळलं नाही. ज्या माणसाला मी चौदा वर्षं आठवड्यातून दोनदा पाहत होतो, त्याचं नाव मला माहीत नाही. नेहमीचा गिऱ्हाईक म्हणजे काय, ते यातच आहे.

नव्वदीच्या शेवटाकडे वेळेचे नियम कडक झाले. पहाटेपर्यंत बसता येईना. म्हणजे लोकलचं कारण संपलं. तरी मी जातच राहिलो, सुट्टीच्या संध्याकाळी डोंबिवलीहून उलटी गाडी पकडून. तेव्हा मला स्वतःशी कबूल करावं लागलं की मी लोकलची वाट पाहत नव्हतो. दिवसभर दुसऱ्यांची अक्षरं दुरुस्त करणाऱ्या माणसाला तिथं कुणीतरी ओळखीचं हसायचं. ते हसू दहा रुपयांचं आहे हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही ते हवं होतं.

घरची बाजू लपवणार नाही. १९९६ साली मी पीएफमधून उचल घेतली आणि घरात गळक्या छताचं कारण सांगितलं. छत अर्धंच दुरुस्त झालं. बायकोला सगळं आधीपासून कळत होतं. सिगारेट न ओढणाऱ्या माणसाच्या शर्टाला रोज धुराचा वास येत होता. संसार उद्ध्वस्त होतात असं पुढं विधानसभेत म्हटलं गेलं, ते खोटं नव्हतं. माझा झाला नाही तो तिच्या शिकवण्यांच्या पैशामुळे.

२००५ च्या मार्चमध्ये अधिवेशन चालू होतं. रायगडातल्या बारचा प्रश्न सभागृहात आला आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. ती बातमी शहराच्या आधी मी वाचली, ओल्या प्रुफावर. शीर्षकात 'बारबाला' होतं. हा शब्द वर्तमानपत्रांचा. बारमध्ये तो मी कधी ऐकला नव्हता. मुली 'मैं लाइन में हूँ' म्हणत, नाहीतर सरळ डान्सर. सुटसुटीत, मथळ्यात बसणारा, चार अक्षरांचा शब्द. मी त्याचे ऱ्हस्वदीर्घ शेकडो वेळा तपासले असतील आणि एकदाही लाल पेन उचलून समासात प्रश्नचिन्ह टाकलं नाही. त्या महिन्यांत आझाद मैदानावरच्या मोर्चाचा फोटो आला: ओढण्यांनी तोंडं बांधलेल्या शेकडो बायका. फोटोओळ तपासताना मी भिंगातून डोळे ओळखायचा प्रयत्न करत बसलो. पंचाहत्तर हजार बायकांचा रोजगार जाईल, असं त्यांची बाजू मांडणारे सांगत होते.

जुलैत विधेयक मंजूर झालं. त्याच महिन्याच्या २६ तारखेला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि शहर बुडालं. बारमध्ये कमरेएवढं पाणी शिरलं. मालकानं आरसे पुसले, पण सोफे बदलले नाहीत. १५ ऑगस्टपासून नाच बंद व्हायचा होता. १४ तारखेला मी गेलो. कुबट वासाच्या सोफ्यांवर गर्दी होती, रोजच्यापेक्षा जास्त. लोक शेवटचं म्हणून नोटा उधळत होते. ती आली, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं मराठीत बोलली. "दादा, उद्यापासून कुठं जाणार?" मी म्हणालो, बघू. तिनं मला विचारलं. तिला ते विचारायचं मला सुचलं नाही. ती पुन्हा दिसली नाही.

पुढची कायदेशीर कहाणी लांब आहे आणि निवृत्तीपर्यंतची मी प्रुफांतूनच वाचली. २००६ च्या एप्रिलमध्ये उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि बार बंदच राहिले. १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानंही बंदी अवैध ठरवली. २००५ च्या कायद्यात तारांकित हॉटेलांना मुभा होती. तोच नाच श्रीमंतांसमोर सभ्य आणि आमच्यासमोर असभ्य कसा, हा न्यायालयाचा प्रश्न मला अजून बरोबर वाटतो. काम गेलेल्या कित्येक जणी वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या, याचीही निकालानं दखल घेतली. २०१४ मध्ये सरकारनं तीच बंदी पुन्हा आणली, या खेपेला ताऱ्यांची मुभा काढून. २०१५ मध्ये तिला स्थगिती मिळाली. २०१६ मध्ये नवा कायदा आला, अटींनी भरलेला: कॅमेरे लावा, स्टेजला कठडा करा, देवळा-शाळेपासून एक किलोमीटर दूर राहा. मुंबईत अशी जागा कुठं असते? १७ जानेवारी २०१९ ला न्यायालयानं यातल्या बऱ्याच अटी काढल्या आणि एक भेद केला जो मला दौलतजाद्याच्या फार जवळचा वाटतो: नर्तकीला बक्षिसी देता येईल, पैसे उधळता येणार नाहीत. हातात देणं आणि अंगावर फेकणं यांतलं अंतर आम्हा सोफ्यावरच्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

या सगळ्या वर्षांत गिऱ्हाईकाचं काय झालं? काही नाही. हे मला सर्वांत जास्त बोचतं. बंदीच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्यातले बहुतेक जण ऑर्केस्ट्रा बारमध्ये बसले होते. तेच स्टुअर्ड, तीच गड्डी. फरशीवरच्या काही मुली आता माइकसमोर होत्या. ज्यांना गाता येत नव्हतं त्या ओठ हलवत. बाकीच्या कुठं गेल्या हे कुणी विचारलं नाही. छाप्यात आरशामागच्या कप्प्यांत कोंडलेल्या मुली सापडल्याच्या बातम्या यायच्या. त्या आरशांत आम्ही वर्षानुवर्षं स्वतःचे चेहरे पाहिले होते. मी दोन-तीनदा गेलो आणि मग जाणं सोडलं. यात माझं काही मोठेपण नाही, ती नव्हती.

बायकोला मी सगळं सांगितलं ते २०१३ च्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, चहाच्या वेळी. वर्तमानपत्र मधे पडलेलं होतं. मी म्हणालो, सरकारचं एक बरोबर होतं, माझ्यासारख्यांची घरं त्या जागेनं पोखरली. ती पेपर घडी घालत म्हणाली, "तुमचा पगार त्या बायांनी नाही नेला. तुम्ही नेऊन दिला. बंदी घालायची तर तुमच्यावर घालायची होती."

मी २०१६ मध्ये निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी जुन्या खात्यातल्या एकाच्या निरोपाला पोरं मला ठाण्याच्या बाजूच्या एका ऑर्केस्ट्रा बारमध्ये घेऊन गेली. स्टेजवर चार पुरुष आणि चारच बायका अशी अट पूर्वी परवान्यात असे. ती विभागणी न्यायालयानं २०२२ मध्ये काढून टाकली, आठ जणांची एकूण मर्यादा ठेवली. तिथं सहा बायका होत्या. एक गात होती, चांगलं गात होती. बाकीच्या मागं खुर्च्यांवर ओळीनं बसलेल्या, हातात मोबाइल. कडेची एक चाळिशीच्या पुढची, जाड काठाची साडी, केस पांढरे होऊ लागलेले. नव्वदीतलं एक गाणं लागलं. तिनं मान खालीच ठेवली, पण साडीच्या काठाखाली तिचं उजवं पाऊल ठेका धरू लागलं, टाच टेकलेली, बोटं वर-खाली. मग दुसरं पाऊलही. गल्ल्यावरच्या माणसानं तिच्याकडे नुसतं पाहिलं. तिनं दोन्ही पावलं खुर्चीखाली ओढून घेतली.

मी खिशातून शंभराची नोट काढली, उठून स्टेजपर्यंत गेलो आणि तिच्या हातात दिली. तिनं वर न पाहता "थँक यू सर" म्हटलं. बाहेर आलो तेव्हा साडेदहा वाजले होते. डोंबिवलीला गाड्या अजून भरपूर होत्या.