'दिसत नाही' आणि 'नाही' : महिलांच्या एका सायकल-शर्यतीचा विचार

महिलांच्या रस्त्यावरील सायकल-शर्यतीत जागतिक अजिंक्यपद प्रथम १९५८ साली, फ्रान्समधील रँस येथे, दिले गेले. लक्झेंबर्गच्या एल्सी जाकोब्स यांनी ते पटकाविले. ऑलिंपिकमध्ये या शर्यतीचा समावेश होण्यास मात्र १९८४ साल उजाडावे लागले. वरवर पाहता ही केवळ पायांच्या बळाची व दमाची परीक्षा वाटते. तथापि तिच्यात माहितीचाही वाटा केवढा मोठा असतो, हे टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी झालेल्या शर्यतीवरून ध्यानात येते.

प्रथम या शर्यतीची रीत समजून घेतली पाहिजे. वेगाने जाणाऱ्या सायकलपटूची बहुतेक शक्ती हवेचा विरोध मोडण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या पाठीशी राहणाऱ्यास हे श्रम पुष्कळच कमी पडतात. म्हणून स्पर्धक घोळक्याने जातात. या घोळक्यास 'पेलोताँ' असे फ्रेंच नाव आहे. दोऱ्याच्या गुंड्याचा वाचक असलेल्या शब्दापासून ते आले. पुढे निसटलेल्यांना गाठावयाचे तर घोळक्यातील कोणीतरी आघाडीस येऊन वारा अंगावर घेतला पाहिजे. परंतु हे कष्ट आपण का करावे, असे प्रत्येक पथकास वाटत असते.

टोकियोची शर्यत १३७ किलोमीटरांची होती. प्रारंभीच पाच जणी पुढे निसटल्या. त्यांत ऑस्ट्रियाच्या आना कीझनहोफर होत्या. गणितातील डॉक्टरेट मिळविलेल्या या बाईंपाशी त्या वेळी ना व्यावसायिक संघ होता, ना शर्यतीत साथ देणारी स्वदेशीय सहकारी. नेदरलंड्सच्या पथकात मात्र नामांकित अशा चौघी होत्या. पाठलाग त्यांनीच करावा, अशी इतरांची अपेक्षा. आघाडीचे अंतर दहा मिनिटांहून अधिक झाले. शेवटचे सुमारे ४१ किलोमीटर उरले असता कीझनहोफर एकट्याच पुढे गेल्या.

ऑलिंपिकमध्ये स्पर्धकांस रेडिओ-संपर्काची मुभा नव्हती. मोटारसायकलवरील फलक व पथकाच्या मोटारी एवढीच माहितीची साधने. अखेरच्या टप्प्यात आघाडीतील शापिरा व प्लिख्ता यांना घोळक्याने गाठले, तेव्हा आता पुढे कोणी उरले नाही, असा नेदरलंड्सच्या आनेमीक फान फ्ल्यूटेन यांचा समज झाला. त्यांनी दोन्ही हात उंचावून अंतिम रेषा ओलांडली. कीझनहोफर यांनी ती सव्वा मिनिट आधीच ओलांडली होती!

भाषेच्या अभ्यासकास येथे एक परिचित भेद दिसेल. 'पुढे कोणी दिसत नाही' हे विधान डोळ्यांच्या साक्षीवर उभे असते. 'पुढे कोणी नाही' या विधानास ती साक्ष पुरत नाही. किती जणी निसटल्या आणि किती जणींना गाठले, याची मोजदाद त्यास लागते. पाच वजा चार, ही बाकी कोणी ना कोणी स्पर्धकांपर्यंत पोहोचविणे अवश्य होते.

यावरून कीझनहोफर यांचे यश केवळ दुसऱ्यांच्या चुकीचे फळ ठरविणे मात्र न्याय्य होणार नाही. घोळक्याचा आसरा सोडून अखेरपर्यंत वारा त्यांनी एकटीने सोसला. पाठीमागच्यांना त्यांचे अस्तित्व ठाऊक असते, तर पाठलाग अधिक निकराचा झाला असता एवढेच म्हणता येते; निकाल बदलला असता असे म्हणण्यास आधार नाही.