चलच्चित्राचा श्रीगणेशा

‘साठी बुद्धि नाठी’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे. ती खरी असो वा खोटी. परंतु साठी उलटल्यावर एखादी नवी विद्या आरंभणारा मनुष्य घरांतील मंडळींच्या कौतुकाचा व थोडासा थट्टेचाहि विषय होतो, हें आम्हांस गेल्या वर्षभरांत चांगलें कळून चुकलें आहे. आयुष्याचीं ३४ वर्षें आम्हीं मुलांना संस्कृत शिकविण्यांत घालविलीं. रूपें पाठ नसल्याबद्दल किती मुलांना बांकावर उभें केलें, त्याची गणती नाहीं. आतां आमची १४ वर्षांची नात आम्हांस धडा देते, आणि चुकलें म्हणजे ‘‘आजोबा, पुन्हां!’’ एवढेंच म्हणते. विद्या कोणती म्हणाल, तर मोबाइल फोननें चलच्चित्र घेण्याची.

हा उद्योग आम्हीं केवळ हौसेखातर आरंभिला नाहीं. आमचे थोरले बंधु अण्णा वाईस राहतात. त्यांचें वय ८१. घरांत लागणारीं जानवीं ते आजवर स्वतःच करीत आले. टकळीवर सूत काढावयाचें; चार बोटांभोंवतीं ९६ वेढे घेऊन तें मापावयाचें; तिपेडी करून पीळ द्यावयाचा; पुन्हां तिपेडी करून उलट पीळ द्यावयाचा; आणि अशा नऊ तंतूंच्या दोऱ्याचे तीन वेढे करून शेवटीं ब्रह्मगांठ मारावयाची, असा हा क्रम आहे. वडिलांनीं तो अण्णांस शिकविला. आम्हांसहि शिकविण्यास ते तयार होते. पण आम्हांस सवड नव्हती. बाजारांत तयार जानवें मिळत असतां ही यातायात कोणीं करावी, असें आम्ही तेव्हां म्हणत असूं.

गेल्या वर्षीं श्रावणीच्या निमित्तानें आम्ही वाईस गेलों, तेव्हां गांठ मारतांना अण्णांचा उजवा हात कांपत असल्याचें दिसलें. हा कंप वाढतच जाणार, असें डॉक्टरांचें मत पडलें. आमच्या मनांत चर्र झालें. ही कृति घरांत दुसऱ्या कोणास येत नव्हती. आम्हीं तत्काळ वही काढली व अण्णा सांगतील तसें लिहून घेतलें. एकट्या गांठीचें वर्णन दोन पानें झालें. रात्रीं तींच पानें पुढें ठेवून गांठ मारूं गेलों, तों दोरा हातांत आणि अर्थ कागदावर अशी स्थिति! ज्यानें जन्मभर शब्दांवर भरंवसा ठेविला, त्याच्या शब्दांनीं असा दगा दिलेला पाहून नात म्हणाली, ‘‘आजोबा, लिहितां कशाला? शूट करा ना!’’

दुसऱ्याच दिवशीं सकाळीं आम्हीं फोन सरसावला. अण्णांस खिडकीकडे पाठ करून बसविलें, फोन पत्रासारखा उभा धरला, आणि त्यांच्याभोंवतीं प्रदक्षिणा घालीत वीस मिनिटें चित्रण केलें. पाहूं लागलों तों काय! अण्णांचें तोंड काळेंकुट्ट, खिडकी पांढरीशुभ्र, सगळें चित्र बोटींत बसल्यासारखें डुलणारें, आणि अण्णांच्या शब्दांऐवजीं पंख्याची घरघर व स्वयंपाकघरांतील कुकरची शिट्टी. हात तर अर्ध्या वेळीं चौकटीबाहेरच होते.

पुण्यास परतल्यावर नातीनें आमचा रीतसर वर्ग सुरू केला. तिच्याकडून व पुढें वाचनांतून जें कळलें, त्यांतील कांहीं भाग नवशिक्या वाचकांच्या उपयोगीं पडेल म्हणून येथें देतों.

पहिला पाठ उजेडाचा. आपला डोळा खिडकीहि पाहतो आणि खिडकीसमोरच्या माणसाचें तोंडहि पाहतो. कॅमेरा तितका शहाणा नाहीं. चौकटींतील एकंदर उजेडाचा अंदाज घेऊन तो चित्र उजळ किंवा गडद करतो. पाठीमागें लख्ख खिडकी असली, कीं तो सारेंच चित्र मंद करतो व माणसाची सावली होते. यास उपाय सोपा आहे. माणसास असें बसवावें, कीं खिडकीचा उजेड त्याच्या एका बाजूनें पडेल. नंतर पडद्यावर ज्या जागीं हात दिसत असतील तेथें बोट दाबून धरावें. म्हणजे पुष्कळशा फोनांत उजेडाचें व नजरेचें माप तेथेंच कायम होतें. तसें न केल्यास हात हालला, कीं चित्र आपणहून उजळ-मंद होऊं लागतें.

दुसरा पाठ काळाचा. चलच्चित्रांत चित्र चालत नसतें. स्थिर चित्रेंच एकामागून एक इतक्या वेगानें येतात, कीं तीं चालत असल्याचा आपणांस भास होतो. साध्या प्रतीच्या चलच्चित्रांतील प्रत्येक चित्रांत आडवे १९२० व उभे १०८० मिळून २०,७३,६०० ठिपके असतात. आपल्याकडे सेकंदास २५ चित्रें घेणें सोयीचें. याचें कारण आमच्या घरच्या दिव्यानें आम्हांस शिकविलें. आपल्याकडील वीज सेकंदास ५० आवर्तनें करते. त्यामुळें कित्येक दिवे सेकंदास १०० वेळां उजळतात व मंदावतात. डोळ्यास तें दिसत नाहीं, कॅमेऱ्यास दिसतें, आणि पडद्यावर काळसर पट्टे सरकूं लागतात. सेकंदास २५ चित्रें घेऊन प्रत्येक चित्र सेकंदाचा पन्नासावा भाग उघडें ठेविलें, म्हणजे प्रत्येकाच्या वांट्यास दिव्याचीं दोन पुरीं स्पंदनें येतात व पट्टे नाहींसे होतात. आमच्या फोनांत ही सोय नव्हती. तिच्यासाठीं एक निराळें ॲप घ्यावें लागलें.

तिसरा पाठ संयमाचा, आणि आम्हांस सर्वांत कठीण गेला तो हाच. एक आठवडाभर कॅमेरा हालविण्यास सक्त मनाई होती. फोन तिकाटण्यावर आडवा बसवावयाचा, मनांतल्या मनांत दहा आंकडे मोजावयाचे आणि थांबावयाचें. विषय दिला होता घरांतील चहाचा. आधीं दुरून सारें स्वयंपाकघर. मग जवळून ओट्याशीं उभी असलेली व्यक्ति. मग अगदीं जवळून पातेल्यांतील उकळी. दूर, मध्यम व निकट अशीं हीं तीन अंतरें म्हणजे या विद्येचीं तीन वचनें होत. कोणतीहि क्रिया सुरू होण्याच्या आधीं कॅमेरा सुरू असावा व ती संपल्यानंतरहि थोडा वेळ चालूं द्यावा, हा नियम आम्हीं किती वेळां मोडला असेल, हें नातच जाणे.

चौथा पाठ आवाजाचा. चित्र थोडें अंधुक असलें तरी पाहणारा सोसून घेतो; शब्द कळेनासे झाले, कीं तो उठून जातो. म्हणून सदऱ्यास अडकविण्याचा एक लहानसा माईक आणला. बोलणाऱ्याच्या तोंडापासून तो एक वीत अंतरावर लावावा. पंखा बंद करावा. आणि चित्रण संपल्यावर कोणीं कांहीं न बोलतां अर्धें मिनिट त्या खोलीची नुसती शांतता टिपून घ्यावी. पुढें जोडकाम करतांना बोलण्यांतील फटी हीच शांतता भरून काढते. कारण प्रत्येक खोलीची शांतता निराळी असते.

या खटाटोपांत मधून मधून मन खचे. अशा वेळीं आम्हांस आधार झाला तो दादासाहेब फाळके यांच्या चरित्राचा. त्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं एका संस्कृतज्ञ शास्त्र्यांच्या घरीं झाला. चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थांनीं १९१२ सालीं लंडन गांठून कॅमेरा आणला. आणि मोठें कथानक हातीं घेण्यापूर्वीं काय केलें, तर कुंडींत वाटाणा पेरून त्याच्या रोपट्याची वाढ दिवसानुदिवस एकेका चित्रानें टिपली. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनीं फिल्मच्या कडांस छिद्रें पाडण्यापासून सर्व कामांत त्यांस हात दिला. १९१३ सालच्या ३ मे रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमागृहांत ‘राजा हरिश्चंद्र’ सर्वांसाठीं लागला, त्याच्या पाठीशीं ही वाटाण्याची उमेदवारी होती. फिल्म महाग, आणि ती धुतल्यावांचून तींत काय उमटलें तें कळावयाचें नाहीं. म्हणून त्यांस कॅमेरा सुरू करण्यापूर्वीं विचार करावा लागे. आम्हांस चित्रणास पैसा पडत नाहीं, म्हणून आम्ही विचार मागाहून करतों. आमच्या दुसऱ्या खेपेस नेमकें हेंच घडलें.

मार्गशीर्षांत आम्ही सर्व तयारीनिशीं वाईस गेलों. उजेड उत्तम, आवाज स्वच्छ, कॅमेरा निश्चल. अण्णांनीं सबंध जानवें केलें. हात कांपला, पण गांठ बसली. मोठ्या समाधानानें परत आलों. घरीं येऊन पाहतों, तों गांठीचा नेमका फेरा अण्णांच्या अंगठ्याआड गेलेला! आम्ही त्यांच्या समोर बसून चित्र घेत होतों ना! शिवाय समोरून घेतल्यामुळें पाहणाऱ्यास सारेंच उलटें. त्यांचा डावा हात त्याच्या उजवीकडे. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसास हें आधीं सुचूं नये, याची आम्हांस फार लाज वाटली. मुलास मुळाक्षरें गिरविण्यास शिकवितांना मास्तर त्याच्या समोर बसतो काय? तो पाठीमागें बसून त्याचा हात धरतो. कॅमेऱ्याची जागाहि तीच. पाहणाऱ्यास कृति शिकावयाची असेल, तर करणाऱ्याच्या खांद्यावरून, त्याच्याच डोळ्यांनीं ती दिसली पाहिजे.

तिसऱ्या खेपेस होळी झालेली होती. या वेळीं कॅमेरा अण्णांच्या उजव्या खांद्यामागें उंच तिकाटण्यावर बसविला. अण्णांनीं दोरा घेतला. एकदां निसटला, दोनदां निसटला. तिसऱ्या वेळीं त्यांनीं तो मांडीवर ठेविला आणि स्वतःच्या हाताकडे पाहत राहिले. कोणी कांहीं बोललें नाहीं. मग तो दोरा आमच्या हातांत देऊन ते म्हणाले, ‘‘आतां तूं मार. मी सांगतों.’’

‘‘मग कॅमेरा?’’ आम्हीं विचारलें.

‘‘तो मी बघतें,’’ नात म्हणाली, आणि तिनें तिकाटणें उचलून आमच्या पाठीमागें आणलें.

पुढचीं चाळीस मिनिटें आम्ही विद्यार्थी होतों. गांठ अकरा वेळां चुकली. एकदां तर अण्णा चांगलेच रागावले, ‘‘अरे, घाई कां करतोस? दोरा कांहीं पळून जात नाहीं!’’ बाराव्या वेळीं गांठ बसली. अण्णांनीं ती खिडकीशीं नेऊन उजेडांत निरखिली व म्हणाले, ‘‘ढिली आहे. पण गांठ आहे.’’

मग जोडकाम. संगणकावर ‘दा विंची रिझॉल्व्ह’ हें साधन त्याच्या साध्या स्वरूपांत विनामूल्य मिळतें. तें आम्हीं घेतलें. तिन्ही खेपांचें मिळून २ तास ४० मिनिटांचें चित्रण होतें. येथें मात्र आमचें जुनें शास्त्र कामीं आलें. वाक्याचा अर्थ लागण्यास आकांक्षा, योग्यता व सन्निधि हीं तीन कारणें नैयायिकांनीं सांगितलीं आहेत. दृश्यांच्या जोडणीसहि तींच लागूं पडतात. अण्णा मान खालीं घालून कांहीं पाहत आहेत असें दिसलें, कीं ते काय पाहतात हें कळण्याची इच्छा होते. ही आकांक्षा, आणि तिच्यापुढें हातांचें निकट दृश्यच यावें. दुपारच्या उजेडांतील हात आणि दिव्याच्या उजेडांतील हात सलग जोडले, तर ‘अग्नीनें शिंपावें’ या वाक्यासारखा विसंवाद होतो. ती योग्यतेची उणीव. आणि प्रश्न पहिल्या मिनिटास व उत्तर सातव्या मिनिटास आलें, तर सन्निधि गेली. चित्रण ज्या क्रमानें झालें तो श्लोकांतील पदांचा क्रम. जोडकाम म्हणजे त्याचा अन्वय.

दोन गोष्टींवरून आमचा नातीशीं वाद झाला. आमच्या चुकलेल्या गांठी काढून टाकाव्या, असें आम्हांस वाटे. ती म्हणाली, ‘‘कुठें चुकतें तेंच तर बघायचं असतं.’’ अकरांपैकीं दोन चुका राहिल्या. दुसरी गोष्ट अण्णांच्या कांपणाऱ्या हाताची. ते तुकडे गाळण्याचा आमचा विचार होता. तिनें ते गाळूं दिले नाहींत. आज आम्हांस तिचेंच म्हणणें योग्य वाटतें. सूत काढण्यापासून दुसऱ्या पिळापर्यंत अण्णांचे हात, गांठीस आमचे हात, आणि आरंभापासून शेवटपर्यंत अण्णांचा आवाज, असें हें चलच्चित्र ९ मिनिटांचें झालें. त्याच्या प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं ठेविल्या आहेत. फोन हरवला तरी तें हरवूं नये.

वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं असें एखादें जाणतें माणूस असेल, मग त्याच्या हातीं वाती वळणें असो, पुरणपोळी लाटणें असो वा पोथी बांधणें असो, त्यांनीं उत्तम कॅमेऱ्याची वाट पाहूं नये. खिशांत आहे त्या फोनानें या महिन्यांतच आरंभ करावा. मात्र आधीं त्या माणसाच्या पाठीशीं बसून, तें काय पाहतें हें स्वतः पाहून घ्यावें. आम्हांस शहाणपण येईतों तीन खेपा लागल्या, आणि तिसरीस अण्णांचा हात चालेना.

अण्णांनीं तें चित्र दोनदां पाहिलें. पहिल्यानें कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्यानें पाहिल्यावर म्हणाले, ‘‘तुझा पीळ अजून कच्चा आहे. पुढच्या खेपेस सूतापासून बसूं.’’ तूर्त आमच्या गळ्यांत त्याच ढिल्या गांठीचें जानवें आहे.