हक्क की मेहेरबानी?

मावळात साधा दाखला हवा असला, तरी आमची माणसे आधी पुढाऱ्याचे दार गाठतात. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालच्या खेड्यांतही 'कासिक' म्हणवला जाणारा गावपुढारी नोकरी, सैन्यभरतीतून सूट मिळवून देई आणि बदल्यात मते घेई. आज लोणावळा-वडगाव पट्ट्यात जमिनीला सोन्याचा भाव आहे. १९५८ च्या कायद्याने महार वतने गेली. वतनदाराला परत मिळालेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. तरीही 'भाऊंचा शब्द' म्हणून आम्ही कोऱ्या कागदावर अंगठा देतो! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाच्या गुलामीविरुद्ध विधेयक मांडले, ते आम्ही दुसऱ्या दारात उभे राहावे म्हणून नव्हे. बांधवांनो, सहीआधी सातबारा वाचा. दाखला आपला हक्क आहे. मत त्याची किंमत नव्हे.