दुधाच्या दातांना फ्लोराइडचं कवच

‘पडणारच आहेत ते दात, कशाला जपायचे?’ असं घरोघरी ऐकू येतं. पण दुधाच्या दाढा मूल दहा-बारा वर्षांचं होईपर्यंत लागतात. गोड खाल्लं की तोंडातले जंतू आम्ल तयार करतात आणि दाताच्या वरच्या थरातली खनिजं झिजतात. ती पुन्हा भरून यायला फ्लोराइड मदत करतं. दंतवैद्य दात कोरडे करून छोट्या ब्रशनं फ्लोराइडचं वॉर्निश (लेप) लावतात. सुई नाही, ड्रिल नाही. सहसा दर ३ ते ६ महिन्यांनी ते पुन्हा लावतात.

घरी तीन वर्षांखालच्या मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरे. चंद्रपूर, यवतमाळकडच्या काही गावांत मात्र भूजलातच फ्लोराइड जास्त असतं. त्यानं दातांवर डाग पडतात. तिथल्या पालकांनी फ्लोराइड वापरण्याआधी दंतवैद्याला विचारावं.