व्यसनांवर पीएच.डी. : आपल्या मुलामुलींसाठी एक वाट



एकरी टनेज घसरले की आपण नशिबाला बोल लावीत बसत नाही. मातीचा नमुना तपासतो, बेणे बदलतो, पाण्याची पाळी सुधारतो. पण घरातला कर्ता माणूस दारूच्या नादी लागला, तर 'संगत वाईट' एवढे म्हणून विषय सोडून देतो. वास्तविक व्यसन का लागते, कसे सुटते आणि सुटलेले पुन्हा का लागते, याचाही रीतसर अभ्यास होतो. समाजकार्य विषयात त्यावर पीएच.डी. करता येते.

गटात फिरताना एका सभासदांनी आम्हांस विचारले, "साहेब, पोरगी दारूवर डॉक्टर व्हायचं म्हणती. त्यात शिकायचं काय असतंय?" प्रश्न रास्त आहे. उत्तर सर्वांनाच उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहोत.

गरज किती?

दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली निघाला. त्याप्रमाणे देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांपैकी ५.७ कोटींच्या आसपास लोकांचे पिणे घातक थराला गेलेले आहे. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांत एकालाच काही ना काही उपचार मिळाला होता. उरलेल्या ३७ घरांत काय चालते, हे आपल्याला सांगायला नको. शिवाय आपल्याच धंद्यातल्या मळीपासून अल्कोहोल होते. ते इंधनात आणि औषधांत जाते, तसे पिण्याच्या दारूतही जाते. तेव्हा हा विषय आपल्याला परका नाही.

अभ्यास कसा असतो?

हे डॉक्टर गोळ्या लिहून देत नाहीत. ते माणूस, त्याचे घर, काम, पैसा आणि गाव यांचा एकत्र विचार करतात. एम.एस.डब्ल्यू.ला साधारण ५५ टक्के गुण लागतात. राखीव प्रवर्गांना त्यात सवलत आहे. प्रवेशानंतर संशोधनपद्धतीचे वर्ग, मग मार्गदर्शकांच्या हाताखाली क्षेत्रकाम, प्रबंध आणि शेवटी तोंडी परीक्षा. २०२२ च्या नियमांप्रमाणे कमीत कमी तीन वर्षे लागतात; साधारण मुदत सहा वर्षांची आहे. नेट परीक्षेत कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये मिळतात. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ पासून समाजकार्य शिकवीत आहे; तेथे पीएच.डी.चीही सोय आहे.

खरी मेहनत असते ती नेमका प्रश्न निवडण्यात. 'दारूचे दुष्परिणाम' हा भाषणाचा विषय झाला. तेवढ्यावर प्रबंध होत नाही. उसाचे बिल जमा होते त्या आठवड्यात पिणे वाढते काय? बिल पत्नीच्या खात्यावर गेले तर घरात काय फरक पडतो? उपचार घेऊन आलेला माणूस पुन्हा घसरतो, तो कोणत्या प्रसंगी? तोडणीच्या अवजड कामात अंग दुखते म्हणून किती मजूर पितात? असे प्रश्न आपल्या मुलीला जितके सुचतील, तितके शहरातल्या विद्यार्थ्याला सुचणार नाहीत. बांधावरचे जगणे तिने पाहिलेले असते.

अशा अभ्यासाचा उपयोग काय, हे आपल्या राज्यात दिसलेही आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. तेथे औषधांबरोबर समुपदेशनावर भर राहिला आणि कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले गेले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या कामातही संशोधन आणि लोकांची चळवळ एकत्र चालली. १९९३ साली त्या जिल्ह्यात दारूबंदी झाली.

आमची विनंती

मुलीने किंवा मुलाने हा विषय घेतला तर 'लोक काय म्हणतील' म्हणून अडवू नका. सोयरीक जमवतानाही त्याची लाज वाटायचे कारण नाही. संशोधक दारात आला तर खरे सांगा. तुमची संमती घेणे आणि तुमचे नाव गुप्त राखणे त्याच्यावर बंधनकारक असते.

आणि ज्या घरात आजच अडचण आहे, त्यांनी प्रबंधाची वाट पाहू नये. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका; हातापायाला कंप, झटके, भ्रम होऊन जिवाला धोका होऊ शकतो. आधी डॉक्टरांना दाखवा. सरकारची मोफत मदतवाहिनी १४४४६ या क्रमांकावर आहे. पिकावरची कीड आपण लपवीत नाही, ही तरी का लपवावी?

— ऊस विकास अधिकारी