चार बोटांचा हिशेब

दसरा-दिवाळीच्या सुमारास सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला द्राक्षबागेत कलमं भरायचं काम चालू असलं, की माझी नजर कलमापेक्षा हाताकडेच जास्त जाते. कारागीर उकिडवा बसतो, डॉगरीजच्या खुंटाचा शेंडा उडवतो, मधोमध उभी चीर देतो. ओल्या गोणपाटातून दोन डोळ्यांची काडी काढतो, दोन्ही बाजूंनी तासून तिची पाचर करतो, चिरेत बसवतो, प्लास्टिकची पट्टी गुंडाळतो आणि पुढच्या खुंटाकडे सरकतो. दिवस मावळेपर्यंत हेच. मागे अशाच एकाचा घडीचा चाकू मी मागून घेतला. पातं लखलखीत, पण मूठ ओळखू येत नव्हती. तिच्यावर सायकलच्या जुन्या ट्यूबचे तीन वेढे होते.

"पातं बेस हाय, पण मूठ लई बारकी," तो म्हणाला. "दुपारनंतर तळहात भगभगतोय बघा."

सोनाका आणि शरद सीडलेस या द्राक्षाच्या जाती नानासाहेब काळे यांनी याच नान्नजला निवडल्या. त्या राज्यभर पसरल्या त्या कलमांच्या आधारे, म्हणजे अशाच खिशातल्या चाकवांच्या धारेवर. तरीही चाकू घेताना आपण पातं नखावर घासून बघतो आणि मूठ मात्र गृहीत धरतो.

खिसा आणि तळहाताचं भांडण

घडीच्या चाकूची मूठ म्हणजे पात्याचं घर. पातं दुमडून आत जायचं, त्यामुळे ते मुठीपेक्षा लांब असून चालत नाही. खिशाला आखूड वस्तू हवी असते आणि तळहाताला लांब. घडीच्या चाकूचा प्रत्येक नमुना म्हणजे या दोघांत केलेली तडजोड.

अंगठा सोडून चार बोटांच्या मुळाशी तळहाताची रुंदी मोजली, तर बहुतेक पुरुषांत ती आठ सेंटिमीटरच्या आसपास भरते. बायकांची थोडी कमी. हत्यारांच्या रचनेचा अभ्यास करणारे सांगतात, की जोर लावायच्या हत्याराची मूठ किमान दहा सेंटिमीटर हवी. तळहात आठचा असताना दहा कशाला? मुठीचं शेपूट तळहाताच्या कडेबाहेर यावं म्हणून. मूठ आखूड पडली की तिचं टोक तळव्याच्या ऐन मधोमध येतं आणि प्रत्येक कापाला तिथंच रुततं. त्या भागाच्या कातडीखालून शिरा आणि नसा जातात. बोटांना मुंग्या येतात त्या यामुळेच.

बाहेरच्या दोन प्रसिद्ध चाकवांवर हा हिशेब ताडून पाहता येतो. फ्रान्सच्या सावॉय भागात जोसेफ ओपिनेलनं 1890 च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी लाकडी मुठीचा चाकू केला आणि पुढे तो क्रमांकांच्या मापांत आणला. त्यातला सगळ्यात खपणारा आठ नंबर: पातं साडेआठ सेंटिमीटर, मूठ अकराच्या आसपास. चारही बोटं बसतात आणि शेपूट बाहेर राहतं. स्वित्झर्लंडच्या कार्ल एल्सेनरनं 1897 मध्ये ज्याची नोंदणी केली, त्या लाल चाकूच्या घराण्यातलं आजचं नेहमीचं माप 91 मिलिमीटर. त्यात चौथं बोट कडेवर अडखळतं. किल्ल्यांच्या जुडग्यातला धाकटा भाऊ तर 58 मिलिमीटरचाच. तो दोन बोटं आणि अंगठ्याच्या चिमटीत धरायचा; त्यानं पाकीट फोडावं, दोरा तोडावा. त्याच्याकडून ठिबकची 16 मिलिमीटरची नळी कापून घ्यायला गेलात, तर चूक तुमची.

एकच चाकू, दोन पकडी

ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ जॉन नेपियर यांनी 1956 मध्ये हाताच्या पकडीचे दोन मुख्य प्रकार मांडले: जोराची पकड आणि नेमकेपणाची पकड. पहिलीत वस्तू बोटं आणि तळव्यात आवळली जाते, दुसरीत ती बोटांच्या टोकांत आणि अंगठ्यात असते. आपल्या बागेत दोन्ही एकाच दिवशी लागतात.

डाळिंबाची गुटी बांधताना फांदीवरून दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीची साल गोल काढायची असते. साल निघावी, आतल्या लाकडाला इजा होऊ नये. इथं चाकू पेन्सिलीसारखा धरला जातो, बोटं पात्याच्या जवळ सरकतात आणि मूठ आखूड असली तरी काही बिघडत नाही. उलट लांब मूठ फांद्यांत अडकते. द्राक्षाची पाचर तासताना मात्र काप एका दमात, सपाट यावा लागतो. खुंट आणि काडीचा हिरवा थर एकमेकांना नीट चिकटला तरच कलम धरतं. हात थकून मनगट वळलं, की पाचरीला लाट येते, आत हवा राहते आणि काडी वाळते. म्हणजे मुठीची गैरसोय शेवटी बागेतल्या तुटाळीत दिसते.

जाडी, कडा आणि शेपूट

लांबीइतकीच जाडी महत्त्वाची. जोराच्या कामाला गोल मूठ साधारण तीन ते पाच सेंटिमीटर व्यासाची असली तर हात सुखावतो. खिशातला चाकू इतका जाड कोण बाळगणार? म्हणून तो चपटा करतात, आणि चपटा केला की त्याच्या कडा बोटांत रुततात. जोर तेवढाच, पण टेकायला जागा कमी, म्हणून दाब जास्त. ट्यूबचे तीन वेढे जाडी वाढवत होते, कडा बोथट करत होते आणि घामात निसटणं थांबवत होते. एका टाकाऊ रबरानं तीन कामं केली.

सोलापुरात हा तोडगा जुना आहे. विडी वळणाऱ्या बायकांच्या कात्र्यांची कडी बघा, चिंध्या गुंडाळलेली दिसतील. आखूड मुठीवर आणखी एक उपाय आहे: शेपटाच्या भोकात गोफ ओवून त्याचा फास करंगळीत अडकवायचा. चौथ्या बोटाला धरायला काहीतरी मिळतं आणि चाकूची खिशातली लांबी वाढत नाही.

पातं उघडल्यावर पक्कं अडकतं का, हेही मुठीच्याच खात्यातलं. नुसत्या स्प्रिंगवर उभं राहणारं पातं टोकानं दाब देताना बोटांवर मिटू शकतं. ओपिनेल कंपनीनं 1955 मध्ये मुठीच्या गळ्याशी फिरती कडी बसवली, ती याचसाठी. भरवसा नसला, की माणूस मूठ गरजेपेक्षा जास्त आवळतो आणि लवकर थकतो.

आपल्या हवेची मूठ

एप्रिलच्या खरड छाटणीला सोलापुरात पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात पडलेली लोखंडी मूठ हातात धरवत नाही आणि घामानं ती निसटते. लाकूड हाताला बरं, पण डाळिंबवाल्यांची अडचण वेगळी आहे. तेल्या रोग एका झाडावरून दुसऱ्यावर जाऊ नये म्हणून प्रत्येक झाडानंतर हत्यार सोडियम हायपोक्लोराइटच्या अडीच टक्क्यांच्या द्रावणात बुडवायचं असतं. हे द्रावण लोखंड खातं, लाकडात मुरतं आणि घडीच्या खाचेत साचून खिळा गंजवतं. सांगोला-पंढरपूरकडच्या डाळिंबबागेत म्हणून गंज न धरणारं पातं, खरबरीत नायलॉनची मूठ आणि धुवायला सोपी, उघडी खाच असलेला चाकू जास्त टिकतो. संध्याकाळी साध्या पाण्यानं धुऊन, पुसून, खिळ्यावर तेलाचा थेंब सोडायचा.

घेताना

सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत घ्या नाहीतर हार्डवेअरच्या दुकानात, चाकू उघडून मूठ पूर्ण आवळा आणि वीसपर्यंत मोजा. कुठं टोचतंय ते हात सांगेल. चारही बोटं बसतात का, शेपूट तळव्यात रुततं का, ओल्या हातात मूठ फिरते का, एका हातानं मिटताना बोट पात्याच्या वाटेत येतं का, एवढं बघा. कायद्याचंही भान असू द्या. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्र कायद्याचे नियम लागू होतात. घरगुती आणि शेतीच्या हत्यारांना त्यात सूट आहे. शहरात पोलिसांचा मनाई आदेश असताना मात्र खिशातला चाकू घरीच ठेवावा. विमानात तो हातातल्या पिशवीत चालत नाही.

शेवटचं बागायतदारांसाठी. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेनं देशभरातल्या शेतमजुरांची, पुरुषांची आणि बायकांची, मापं घेऊन 2009 मध्ये ती ग्रंथरूपात आणली, कारण अवजार हाताच्या मापाचं असावं लागतं. आपण मात्र टोळीसाठी डझनाच्या भावात एकाच मापाचे चाकू आणि कात्र्या आणतो. यंदा पिशवी भरण्याआधी, ती हत्यारं ज्यांच्या हातात जाणार आहेत त्यांना दुकानात सोबत न्या, आणि बायकांना आधी धरून बघू द्या.