गॅस संपत नाही, गळतो
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आमच्या देवणीकडे मार्च उजाडला, की गॅरेजात एकच वाक्य ऐकू येते : ‘मिस्त्री, एसी गार करेना, गॅस भरून द्या.’ पण हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. दरवर्षी भरावा लागत असेल, तर गळती शोधायलाच हवी.

त्याआधी वाऱ्याकडे पाहावे. वारा गार, पण कमी येत असेल, तर गॅसचा दोष नाही. काळ्या मातीचा फुफाटा आणि राशीच्या दिवसांतला सोयाबीन-तुरीचा भुसा केबिन फिल्टरमध्ये बसतो. बऱ्याच गाड्यांत हा फिल्टर डाव्या सीटसमोरच्या कप्प्यामागे असतो. घरी काढता येतो. काळा पडला असेल तर झटकत बसू नका, बदला. पंखा फक्त शेवटच्या नंबरवरच फिरतो? बहुधा रेझिस्टर जळाला आहे. पायाशी पाणी साचते? पाणी बाहेर सोडणारी नळी तुंबली आहे.

उदगीरच्या रस्त्याला गार आणि बाजारात उभी केली की गरम, अशी गाडी असेल तर मी आधी कंडेन्सरचा पंखा बघतो. कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. त्याच्या पात्यांत चिखल, किडे अडकतात. पाण्याने हलक्या हाताने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात.

गळती मात्र पुष्कळदा डोळ्यांनी दिसते. गॅसबरोबर कंप्रेसरचे तेलही फिरते, त्यामुळे गळक्या जोडावर तेलकट धूळ चिकटलेली असते. तिथली ओ-रिंग बदलावी. नळ्या उघडल्या, तर ओल शोषणारा ड्रायरही नवा टाकावा. मग व्हॅक्यूम पंप अर्धा तास चालवायचा, बंद करून काटा हलतो का ते पाहायचे. तो स्थिर राहिला, तरच गाडीवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस भरायचा. ‘थोडा जास्त टाका’ म्हणणारे गिऱ्हाईक भेटतेच. जास्त गॅसने गारवा कमी होतो आणि कंप्रेसरवर ताण येतो.

पूर्वी आर-१२ वापरत. तो ओझोनला मारक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर मागे पडला आणि आर-१३४ए आला. तो ओझोनला सोडतो, पण कार्बन डायऑक्साईडच्या हजारपटीहून अधिक उष्णता धरतो. गळती तशीच ठेवून भरलेला गॅस शेवटी हवेतच जातो.

स्वस्त पडतो म्हणून कोणी स्वयंपाकाचा गॅस भरून देऊ म्हणाला, तर गाडी तशीच परत आणा. तो पेटणारा आहे, आणि कुलिंग कॉईल फुटली तर थेट तुमच्या लेकराबाळांजवळ येतो.